झाड पाडायचं, पण कुठे? चेनसॉबद्दल वाचकांचे प्रश्न

पाऊस उघडला की कोकणात वठलेली, कललेली, वादळात मोडलेली झाडं काढायची लगबग सुरू होते. कुऱ्हाड आणि दोन माणसांच्या करवतीची जागा आता चेनसॉने घेतली आहे. गावात त्याला सरसकट 'कटर' म्हणतात. तासांचं काम मिनिटांवर आलं, पण त्याबरोबर विचार करायला मिळणारा वेळही कमी झाला. या महिन्यात आलेल्या पत्रांतले बरेच प्रश्न याच विषयावरचे आहेत. निवडक प्रश्नांना उत्तरं देत आहोत.

घरामागे बांधावर अकेशियाचं झाड आहे. उंची 12 मीटरच्या आसपास, बुंधा 40 सेंमी. 16 इंची पट्टीचा (पट्टी म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती) नवा चेनसॉ घेतला आहे. झाड घराकडे न येता मोकळ्या जागेत पडावं म्हणून नेमकं काय करायचं? (गुहागर)

मशीनला हात लावण्याआधी झाडाभोवती फिरा. ओळंबा हातात धरून दोन बाजूंनी, एकमेकींशी काटकोनात उभं राहून कल बघा. एकाच बाजूने बघितलं तर सरळ वाटणारं झाड दुसऱ्या बाजूने घराकडे झुकलेलं निघतं. बुंध्याचा कल आणि माथ्याचं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किनाऱ्यावरच्या झाडांचा माथा वाऱ्याने बहुधा समुद्राच्या उलट बाजूला ढकललेला असतो. माथ्यात सुकी, मोडून अडकलेली फांदी दिसली तर आधी तिचा बंदोबस्त. काप चालू असताना बुंधा थरथरतो आणि अशी फांदी कापणाऱ्याच्या डोक्यावरच येते.

उंची अंदाजे धरू नका. हात सरळ पुढे करून मुठीत काठी उभी धरा. मुठीच्या वर राहिलेली काठी आणि डोळ्यापासून मुठीपर्यंतचं अंतर सारखं असू द्या. काठीचं टोक शेंड्याशी आणि मूठ बुडाशी जुळेपर्यंत मागे जात राहा. जुळलं की तुम्ही उभे आहात तिथून झाडापर्यंतचं अंतर हीच झाडाची उंची. त्याच्या दुप्पट अंतराच्या आत, म्हणजे तुमच्या बाबतीत 25 मीटरच्या आत, कापणाऱ्याशिवाय कोणी नको. झाड बघायला जमणारी मुलं, गोठ्यातली गुरं, पाखाडीवरून येणारी-जाणारी माणसं, सगळे यात आले.

मग पळवाट साफ करा. झाड पडणार त्याच्या उलट दिशेला, पण सरळ मागे नाही, तिरकं, साधारण 45 अंशांत, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. पाच-सहा मीटर वाटेत झुडूप, दगड, तारेचं कुंपण काही नको. बुंधा उडाला तर सरळ मागेच येतो, म्हणून तिरकी वाट.

आता काप. पडायच्या बाजूला आधी खाच. वरचा तिरका काप पहिला घ्या, कारण तो मारताना मशीनच्या अंगावरची दिशारेषा बघून झाड कुठे जाईल ते ठरवता येतं. त्यानंतर खालचा आडवा काप, वरच्याला नेमका टेकणारा. खाच 70 अंशांची उघडी ठेवा आणि खोली बुंध्याच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतकी, तुमच्या झाडाला 8 ते 10 सेंमी. दोन कापांपैकी एक जरी पुढे गेला तरी खाच झाड पडताना मध्येच मिटते, दिशा बदलते किंवा बुंधा फाटतो. चुकून पुढे गेलाच तर दुसरा काप तिथपर्यंत नेऊन खाच पुन्हा साफ करा. मागचा काप त्याआधी सुरू करू नका.

मागचा काप खाचेच्या कोनाच्या पातळीला किंवा दोन-तीन सेंमी वर. तो खाचेपर्यंत न्यायचा नाही. मध्ये न कापलेल्या लाकडाची पट्टी राहायला हवी. हीच बिजागरी. सगळी कला तिच्यात आहे, कारण झाडाला दिशा तीच देते, आणि झाड पडेपर्यंत धरूनही तीच ठेवते. जाडी बुंध्याच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे तुमच्याकडे 4 सेंमी, आणि एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सारखी. एका बाजूला 4 आणि दुसऱ्या बाजूला 1 सेंमी राहिली की झाड जाड बाजूकडे ओढलं जातं. ती पूर्ण कापली तर झाडावर कोणाचाच ताबा राहत नाही. घरावर पडलेल्या झाडांचे बुंधे बघा, बहुतेकांवर बिजागरीच नसते.

मागच्या कापात मशीनची पट्टी पूर्ण शिरली की लगेच पाचर घाला. प्लास्टिकची किंवा कठीण लाकडाची. लोखंडाची नको, चेन लागली की दात उडतात. तुमच्या झाडात पाचर ते बिजागरी अंतर साधारण 27 सेंमी राहील. पाचरीने मागची बाजू 2.5 सेंमी उचलली की 12 मीटरवरचा शेंडा मीटरभरापेक्षा थोडा जास्त पुढे सरकतो. म्हणजे किंचित मागे कललेलं झाड पाचरीने वळवता येतं. घराकडे कल यापेक्षा स्पष्ट असेल तर पाचरीच्या भरवशावर राहू नका. दोर लागेल. तो झाडाच्या अर्ध्या उंचीच्या वर बांधा आणि ओढणारी माणसं झाडाच्या टप्प्याबाहेर राहतील इतका लांब घ्या. जागा नसेल तर पुढच्या भक्कम झाडाला कप्पी लावून दोर बाजूला वळवा. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही.

झाड हललं की मशीन थांबवा आणि वाटेने मागे व्हा, नजर वर ठेवून. कुठे पडतंय ते बुंध्यापाशी उभं राहून बघत बसू नका.

काम सकाळी लवकर करा. मतलई वारा मंदावलेला असतो आणि खारा वारा सुरू व्हायचा असतो. दुपारी माथ्यात वारा भरला की पाचरीचा हिशेब चालत नाही.

पुढे झुकलेलं झाड कापताना अर्ध्या कापातच बुंधा उभा फाटला आणि मागची फाळ वर उडाली. कापणारा थोडक्यात वाचला. चूक कुठे झाली? (सावंतवाडी)

पुढे बराच कल असलेल्या झाडाच्या मागच्या बाजूचे तंतू आधीच ताणलेले असतात. मागून हळूहळू कापत गेलं की उरलेल्या लाकडावर ताण वाढत जातो. बिजागरी अजून जाड असते, वाकत नाही, आणि झाड मात्र निघालेलं असतं. मग लाकूड तंतूंच्या बाजूने उभं चिरतं. फाळ मागे आणि वर उसळते, कापणाऱ्याच्या छाती-तोंडाच्या उंचीला. सरळ धाग्याच्या झाडांत हे जास्त होतं. अकेशिया आणि निलगिरी यांत विशेष जपा.

उपाय म्हणजे मागून न कापता पोटातून कापणं. खाच नेहमीसारखी, पण कमी खोल, पाचव्या भागापेक्षा जास्त नको. मग बिजागरीची जागा सोडून तिच्या मागे पट्टीचं टोक बाजूने बुंध्यात घुसवायचं. आधी टोकाचा खालचा भाग टेकवून चीर पाडा आणि मग हळूहळू सरळ करत आत न्या. टोकाचा वरचा भाग आधी टेकला तर मशीन तोंडावर उसळेल. आरपार गेल्यावर पुढे सरकून बिजागरी नेमक्या जाडीची करा, नंतर मागे कापत जा, आणि पाठीमागच्या सालीजवळ 5 ते 8 सेंमी लाकूड धरून ठेवा. आता झाड पुढे बिजागरीने आणि मागे या पट्टीने बांधलेलं आहे. मशीन बाहेर काढा, पळवाट बघा, माणसं बघा, आणि बाजूला उभं राहून मागची पट्टी बाहेरून, आधीच्या कापाच्या जरा खालून तोडा. झाड एकदम सुटतं, फाटायला वेळच मिळत नाही.

हा काप आधी आडव्या पडलेल्या ओंडक्यावर जमेपर्यंत करून बघा. उभ्या झाडावर पहिल्यांदा शिकायचा नाही.

जुना हापूस भिरुडाने पोखरला आहे. एका बाजूला ढोली दिसते. खाच-बिजागरीचा नेहमीचा काप चालेल का? (देवगड)

चालेल की नाही ते बिजागरीच्या जागी लाकूड आहे की नाही यावर. कुऱ्हाडीच्या तोंब्याने (पात्याच्या मागच्या बोथट बाजूने) बुंधा खालून छातीपर्यंत चारही बाजूंनी ठोकत जा. भरीव जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी भद्द. खाच मारताना बाहेर पडणारा भुसाही बघा. फिकट, कोरडे तुकडे म्हणजे चांगलं लाकूड. तपकिरी ओलसर पूड आली की तिथेच थांबा. खाच वर सरकवून चांगलं लाकूड मिळत असेल तर तिथून कापता येतं, पण छातीच्या वर नाही.

जुन्या कलमाची आणखी एक अडचण म्हणजे त्याचा पसरलेला, एका अंगाला भारी माथा. आंब्याचं लाकूड आडव्या जाड फांद्यांत ठिसूळ असतं. अशा झाडाचा आधी माथा उतरवायचा, बाहेरून आत आणि वरून खाली, दोराने बांधून. हे झाडावर चढून काम करणाऱ्या अनुभवी टोळीचं काम आहे. नवशिक्याने चेनसॉ घेऊन शिडीवर चढायचं नाही, कधीच नाही.

घराला लागून असलेला माड काढायचा आहे. माडाला खाच मारली तर तो सांगू तिकडे पडत नाही असं म्हणतात. खरं का? (दिवेआगर)

बरंच खरं आहे. आंबा-फणसाच्या बुंध्यात लाकूड आरपार सारखं धरतं. माडाचं खोड बाहेरून लोखंडासारखं आणि आतून भुसभुशीत. त्यामुळे बिजागरीची पकड फक्त दोन टोकांच्या कडक भागात मिळते, मधला भाग नावापुरता. पाचर मध्ये मारली तर रुतून बसते, उचलत नाही. म्हणून दोन पाचरी, दोन्ही बाजूंच्या कडेला. चेनही माडावर फार लवकर बोथट होते, तेव्हा सुरुवातीलाच घासलेली चेन लावा आणि दुसरी जवळ ठेवा.

मोकळ्या जागेतला माड आधी नारळ, त्यांचे घड आणि झावळ्या उतरवून, दोर लावून पाडता येतो. घराला लागून असलेला माड बुडातून पाडूच नका. तो वरून तुकड्या-तुकड्याने उतरवावा लागतो, प्रत्येक तुकडा दोराने धरून.

सोंड्या भुंग्याने मेलेल्या माडाबद्दल कळकळीची विनंती: त्यावर पाडेल्याला चढवू नका. आतून कुजलेला शेंडा नुसत्या हिसक्याने कोसळतो. असा माड बाहेरून बांधून किंवा यंत्राच्या शिडीवरून काढावा. विजेची तार जवळ असेल तर महावितरणच्या शाखा कार्यालयातून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. ओली झावळ तारेला टेकली तरी वीज खाली येते.

मशीन एकदम उसळून तोंडाकडे येतं ते का? संरक्षक कपडे कोकणातल्या उकाड्यात घालवत नाहीत, त्यातले अत्यावश्यक कोणते? (राजापूर)

पट्टीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कशाला लागला की चेनची ओढ मशीनला वर आणि मागे फेकते, डोळ्याची पापणी लवायच्या आत. फांद्या साफ करताना मागे लपलेली दुसरी फांदी टोकाला लागते, बहुतेक अपघात तिथेच होतात. टोक कुठे आहे याचं भान, डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखाली वळलेला, दोन्ही हात मशीनवर, खांद्याच्या वर काप नाही. पुढची ढाल म्हणजे चेनचा ब्रेक, तो रोज तपासा. ब्रेक लावूनच, मशीन जमिनीवर टेकवून, मागच्या मुठीत उजवा पाय ठेवून सुरू करा. हातात लोंबकळत ठेवून दोरी ओढायची सवय मांडीवर बेतते.

कपड्यांबाबत तडजोड सुचवता येणार नाही. जाळीची झडप आणि कानटोप्या लावलेलं हेल्मेट, चेनसॉची खास पँट किंवा पुढून बांधायचे मांडीपट्टे, आणि पुढे स्टील असलेले बूट. त्या पँटमध्ये लांब तंतूंचे थर असतात. चेन लागली की तंतू बाहेर ओढले जाऊन चक्रात अडकतात आणि चेन थांबते. साधी जीन्स यातलं काही करत नाही. मशीनचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो, कानाचं नुकसान कळेपर्यंत भरून न येणारं झालेलं असतं. लुंगी, गळ्यातला पंचा, हवाई चप्पल या तिन्ही गोष्टी मशीनजवळ नकोत. उकाड्याचा उपाय म्हणजे सकाळची वेळ, भरपूर पाणी आणि दर अर्ध्या तासाने विसावा.

चेन घासून आणली तरी दोन दिवसांत बोथट होते आणि काप तिरका जातो. (मुरुड)

तिरका काप म्हणजे एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा लांब किंवा जास्त धारदार. दुकानात घासताना हे सर्रास होतं. घरी शिका, पंधरा मिनिटांचं काम आहे.

गोल कानस चेनच्या मापाची हवी. चेनचं माप इंचांत असतं: लहान मशीनच्या 3/8 लो प्रोफाइल (ठेंगण्या) चेनला 4 मिमी, .325 ला 4.8 मिमी, मोठ्या 3/8 ला 5.2 मिमी. पट्टी शिकंज्यात धरा. दाताच्या माथ्यावर कंपनीने कोरलेली तिरकी खूण असते, बहुतेक चेनला 30 अंशांची, तिच्याशी कानस समांतर. आतून बाहेर ढकलायचं, परत येताना उचलायचं. सर्वांत खराब दाताला जितके घाव लागले तितकेच बाकी सगळ्यांना. चार-पाच घासण्यांनंतर दातापुढचा उंचवटा चपट्या कानशीने उतरवावा लागतो. तो दाताच्या धारेपेक्षा 0.65 मिमी खाली असतो. मापपट्टी न लावता डोळ्याने उतरवलात तर चेन लाकडात अधाशासारखी घुसते आणि उसळी वाढते.

धार आहे की नाही हे भुसा सांगतो. जाड चपटे तुकडे पडत असतील तर ठीक. पिठासारखी पूड पडायला लागली की थांबून घासा. जोर लावून कापत राहिलात तर पट्टी तापते.

किनाऱ्यावर चेन लवकर जायचं खरं कारण बहुधा वाळू असते. सुरूच्या आणि माडाच्या बुडाशी सालीत वाळू भरलेली असते. कोयतीने सालीचा तो पट्टा आधी सोलून काढा. पडलेला ओंडका खालपर्यंत आरपार कापताना चेन जमिनीला एकदा जरी लागली तरी सगळे दात जातात, म्हणून खाली दांडकं सरकवा. आणि पट्टीच्या तेलाच्या टाकीत गाडीतलं काढलेलं काळं ऑइल घालू नका. त्यातले धातूचे कण पंप आणि पट्टी दोन्ही खातात. तेल येतंय का ते बघायला मशीन चालू करून टोक फिकट पृष्ठभागाजवळ धरा, तेलाची रेघ उमटायला हवी.

पावसाळाभर ठेवलेलं मशीन सुरूच होत नाही. (लांजा)

टाकीतलं पेट्रोल कारण असणार. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात पाण्याला तोटा नाही. जुनं मिश्रण काढून टाका, फिल्टर धुवा, प्लग साफ करून फट 0.5 मिमी ठेवा. नवीन मिश्रण 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल. कंपनीच्या पुस्तिकेत 40 ला 1 लिहिलं असेल तर 25 मिली. महिनाभरात संपेल इतकंच बनवा. पुढच्या मे महिन्यात टाकी रिकामी करून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवा.

वादळात पडलेली झाडं कापताना पट्टी अडकते, नाहीतर खोड उसळतं. (श्रीवर्धन)

3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर आणि 2021 च्या तौक्तेनंतर तुमच्या भागात हेच काम घरोघरी करावं लागलं. आडवं झाड सोपं वाटतं, पण ते उभ्यापेक्षा अवघड आहे, कारण ताण कुठे आहे तो दिसत नाही.

खोड दोन टोकांवर टेकलेलं असेल, एक गडग्यावर आणि दुसरं जमिनीवर, तर वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. आधी वरून तिसऱ्या भागापर्यंत कापा, चीर मिटू लागली की थांबा, मग खालून वर येत दोन्ही काप जुळवा. एकच टोक अधांतरी असेल तर उलट: आधी खालून, मग वरून. दाबलेली बाजू नेहमी पहिली. खोड बाजूला वाकलेलं असेल तर त्याच्या आतल्या अंगाला उभे राहा, बाहेरच्या अंगाला ते सुटतं.

मुळासकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला की मुळांचा गड्डा पुन्हा खड्ड्यात बसतो, कधी धाडकन. गड्ड्यामागे कोणी उभं असेल तर तो खाली सापडतो. खड्ड्यात मुलं खेळत नाहीत ना हे बघितल्याशिवाय शेवटचा काप घेऊ नका.

दुसऱ्या झाडात अडकलेलं झाड सोडवायला आधार देणारं झाड कापायचं नाही, अडकलेल्याच्या खाली जायचं नाही. बुडाला साखळी लावून लांबून ओढा. आज जमलं नाही तर भोवती दोरी बांधून उद्यावर ठेवा.

व्यवसाय म्हणून शिकायचं आहे. कुठून सुरुवात करू? आणि परवानगीचं काय? (कुडाळ)

पहिले काही दिवस फक्त आडव्या ओंडक्यांवर: सरळ काप, खालून काप, टोक घुसवणं. मग पुरुषभर उंचीचा ओंडका जमिनीत घट्ट रोवून त्यावर खाच आणि मागचा काप. प्रत्येक वेळी बिजागरीची जाडी दोन्ही टोकांना फुटपट्टीने मोजा. ती दहापैकी नऊ वेळा हवी तेवढी आली की मोकळ्या जागेतली 20 सेंमीपर्यंतची सरळ झाडं, तीही जाणत्या माणसाच्या नजरेखाली. पाडलेल्या प्रत्येक झाडाचा बुंधा नंतर वाचा: खाच कुठे चुकली, बिजागरी कुठे पातळ झाली, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. एकट्याने काम करायचं नाही. हाकेच्या अंतरावर दुसरा माणूस आणि जवळ रक्त थांबवायची रुंद पट्टी हवीच.

परवानगीचं म्हणाल तर, झाड आपल्या सातबाऱ्यावर असलं तरी महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, 1964 लागू होतो. अनुसूचीतल्या झाडांना वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ, चिंच, हिरडा हे कोकणातले नेहमीचे त्यात आहेत. नगरपरिषदेच्या हद्दीत 1975 चा वेगळा कायदा आहे, अर्ज तिथे करायचा. कांदळवनाला हात लावायचाच नाही. गिऱ्हाइकाकडून परवानगीची प्रत घेऊनच काम धरा, आणि लाकूड हलवायचं असेल तर वाहतूक परवान्याची चौकशी वन परिक्षेत्र कार्यालयात आधी करा. तोडीची परवानगी आहे म्हणून ट्रक नाक्यावरून सुटत नाही.